येतो म्हणाले आजोबा

“सगळे इकडे बघा! समुद्राकडे नाही, माझ्याकडे!” मामा ओरडला.

इतक्या लांब, विमानात अंग अवघडून घेत, खास समुद्र बघायला आलेल्या माणसांना ‘समुद्राकडे बघू नका’ असं बजावणारा मामा जगात एकच असेल. तो नेमका आपल्याच वाट्याला यावा, याचं ताईला कधी हसू यायचं, कधी रडू. आत्ता वाऱ्याने तिचे केस तोंडात जात होते, त्यामुळे दोन्ही जमत नव्हतं.

जागा मात्र बघत राहावी अशी होती! एका हाताला ढोपरभर गवताचा माळ आणि दुसऱ्या हाताला काहीच नाही! कडा सरळ तुटलेला, आणि खूप खाली निळंहिरवं पाणी खडकांवर आपटून पांढरं होत होतं. काठाकाठाने पायवाट गेली होती. चढत, उतरत, वळसे घेत ती पार पलीकडच्या बंदरगावात जायची. तिथली घरं इथून साखरेच्या खड्यांएवढी दिसत होती.

आज ही वाट चालायची, असं मामाने आदल्या दिवशी जाहीर केलं होतं. मामा काही सुचवत वगैरे नसे, तो जाहीरच करत असे. सहलीसाठी त्याने एक शिट्टी विकत घेतली होती. शिट्टी ज्याच्या गळ्यात तो मोहिमेचा प्रमुख, हा नियमही त्यानेच केला होता.

मोहिमेत माणसं मोजकीच. मामा आणि मामी. त्यांचा मुलगा, ज्याला वाद घातल्याशिवाय पाणीही पचत नसे, म्हणून घरीदारी सगळे त्याला वकील म्हणत. ताई आणि तिची धाकटी बहीण टिकली, या सुट्टीत मामाबरोबर आलेल्या त्याच्या भाच्या. आणि आजोबा, म्हणजे मामाचे अण्णा. चालणाऱ्यांत ते सगळ्यात मागे आणि बघणाऱ्यांत सगळ्यात पुढे. गळ्यात जुनी दुर्बीण, डोक्यावर कानटोपी, आणि गार वारा लागला की कुरकुरणारा डावा गुडघा.

फोटोसाठी मामाने जागा निवडली होती ती वाटेला फाटा फुटायची. एक वाट कड्यावरून तशीच पुढे, दुसरी दगडी पायऱ्यांनी खाली किनाऱ्याकडे. मधोमध खांबावर एक पिवळी पाटी. मामाला चालून उकडत होतं. त्याने जाकीट काढलं आणि पाटीवर अडकवलं.

“बाबा, त्या पाटीवर काहीतरी लिहिलंय,” वकील म्हणाला.

“तुला वाचता येतंय का?”

“नाही.”

“मला?”

“नाही.”

“मग झाकली काय आणि उघडी काय!”

वकील फोटोसाठी ताईशेजारी जाऊन उभा राहिला.

फोटो झाला. मग मामाने मोबाइल हातात उंच धरला आणि घरच्या मंडळींसाठी व्हिडिओ सुरू केला. “तर मंडळी, आपण आता उभे आहोत एका भयंकर कड्यावर!” मामी लांब उभी राहून ‘मला घेऊ नका, माझा अवतार बघा’ असं खुणेने सांगत होती, आणि हळूच केस नीट करत होती.

पोरं पुढे पळणार, एवढ्यात आजोबांनी टिकलीला हाक मारली. गळ्यातली दुर्बीण काढून तिच्या गळ्यात घातली.

“घे. एखादा नवीन पक्षी दिसला, तर नाव-गाव विचारून ठेव.”

“मला त्याची भाषा कुठे येते, आजोबा!”

“इथल्या माणसांची तरी कुठे येते आपल्याला? पळ!”

आणि टिकली पळाली. तिने मागे वळून बघितलं नाही. कशाला बघेल? मागे आजोबा असतातच!

पुढच्या टेकाडावर सगळे धापा टाकत थांबले, तेव्हा मामा आणि मामी वर आले. आजोबा आले नाहीत.

“आजोबा कुठायत?” ताईने विचारलं.

“येतायत मागून. मला म्हणाले ना, येतो म्हणून,” मामा म्हणाला. “प्रत्येक गवताच्या पात्याची विचारपूस करत येणार ते! आपण पुढे व्हायचं. चला!” आणि फुर्रर्र करून शिट्टी वाजली.

मामीने एकदा मागे बघितलं. वाट वळणाआड गेली होती. “थांबूया का जरा?” ती म्हणाली.

“अगं, थांबलो तर ते आणखी हळू चालतात!”

नवरा चुकतोय हे कळत असूनही गप्प बसायचे काही प्रसंग मामीने ठरवून ठेवले होते. हा त्यातला एक निघाला.

*

वाट जिथे बंदरात उतरत होती, तिथेच चहाचं छोटं दुकान होतं. काचांवर वाफ धरलेली, आत गुबगुबीत खुर्च्या, आणि खिडकीतून कड्यावरची वाट सरळ दिसायची. मामाने फोन चार्जिंगला लावला, पाय पसरले आणि विजयी वीरासारखा चहा मागवला.

चहा आला, संपला. आजोबा आले नाहीत.

“फुलं बघत असतील,” मामा म्हणाला.

दुसरा चहा आला, संपला.

“कुणीतरी भेटलं असेल. गप्पा मारत असतील.”

“कुठल्या भाषेत?” वकिलाने विचारलं.

“तू गप्प बस!”

“अण्णांना फोन तरी लावा,” मामी म्हणाली.

मामाने खिशात हात घातला आणि एक फोन बाहेर काढला. तो आजोबांचाच होता. ‘तुम्ही पाडाल कुठेतरी कड्यावरून’ असं म्हणून सकाळीच त्याने तो काढून घेतला होता. टेबलावर सगळे त्या फोनकडे बघत बसले. फोन बिचारा काय करणार? तोही बसला.

टिकली खिडकीला नाक लावून उभी होती.

“मामी, त्या बोटी उठल्या!”

“कुठल्या बोटी गं?”

“आपण आलो तेव्हा चिखलात कुशीवर झोपल्या होत्या ना? आता बघ, सरळ उभ्या आहेत आणि डुलतायत!”

खरंच! मघाशी जिथे काळा चिखल होता, तिथे आता पाणी चमकत होतं. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या.

“भरती येतेय,” ताई हळूच म्हणाली.

“भरतीचा काय संबंध? आजोबा कड्यावर आहेत. कड्यावर भरती येते का?” वकील म्हणाला. पण हे म्हणताना त्याचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

“मी आणि वकील मागे जाऊन बघून येतो, मामा.”

“अजिबात नाही! कुणी हलायचं नाही! एक हरवलाय तेवढा पुरे!”

हरवलाय! मामाच्या तोंडून शब्द गेला आणि मग परत घेता येईना. पदर नसल्यामुळे मामीने डोळ्याला ओढणीचं टोक लावलं. मामा उठला. इतका वेळ ‘उगाच गाजावाजा कशाला’ म्हणणारा मामा आता जवळजवळ पळतच दुकानाशेजारच्या बचावपथकाच्या खोलीकडे गेला. पोरंही मागोमाग गेली.

खोली लहान होती. भिंतीवर किनाऱ्याचा मोठा नकाशा, कोपऱ्यात दोऱ्यांची भेंडोळी, खुंट्यांवर तरंगायची जाकिटं. टेबलामागे नारिंगी जाकीट घातलेली एक उंच बाई बसली होती. तिला मराठी येत नव्हती, आणि मामाला तिची भाषा येत नव्हती. पण तिच्या फोनला दोन्ही येत होत्या. निदान त्या फोनचं तरी तसं म्हणणं होतं.

मामा फोनवर वाकून मोठ्याने बोलला, “माझे वडील! कड्यावर! मागून येतो म्हणाले! आले नाहीत!”

फोन त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. बाईने मान हलवली, नकाशावर कड्यावरच्या वाटेवरून बोट फिरवलं आणि भुवया उंचावल्या. या वाटेवर?

“हो, हो, हो!” मामा म्हणाला.

बाईने हाक मारली. आतून दोन धिप्पाड माणसं आली, बूट चढवले, दोर खांद्यावर टाकला. मामा त्यांच्याबरोबर निघाला. निघताना मामीला बजावून गेला, “दुकानातून हलू नकोस! पोरांनाही हलू देऊ नकोस!” वाटेवरून शिट्टीचा आवाज येत राहिला. फुर्रर्र... फुर्रर्र... आणि मग तोही वाऱ्यात विरला.

*

आता बसायचं. दुसरं करायचं काय?

मोठ्या माणसांना निदान येरझारा तरी घालता येतात. मुलांनी घातल्या तर ‘एका जागी बसा’ म्हणतात. तिघं एका जागी बसली होती. वकील चमच्याने रिकामा कप ढवळत होता. खिडकीबाहेर पाणी वर येत होतं, कुणालाही न विचारता.

“आजोबा मला ‘पळ’ म्हणाले आणि मी पळाले,” टिकली पुटपुटली. “मी मागे बघितलंच नाही गं ताई.”

ताई तिच्याजवळ सरकली. तेवढ्यात तिचं लक्ष चार्जिंगला लावलेल्या मामाच्या फोनकडे गेलं.

“व्हिडिओ!” ती ताडकन उठली. “मामा तेव्हा व्हिडिओ काढत होता! त्यात आजोबा असतील!”

फोनचं कुलूप वकिलाने क्षणात उघडलं. वडिलांच्या फोनचं कुलूप मुलाला कसं ठाऊक, हा प्रश्न विचारायची ती वेळ नव्हती.

पडद्यावर कडा हलायला लागला. ‘तर मंडळी, आपण आता उभे आहोत...’ मग नुसता वारा. मामी. मामीचे केस. पळत जाणारी तीन पोरं. मग आजोबांचा आवाज, अर्धा वाऱ्याने खाल्लेला, “...गुडघा... मी आपला... बंदरा... नीट जा रे पोरांना घेऊन. येतो मी.”

आणि मामाचा आवाज, “हो हो अण्णा! तर मंडळी, या बाजूला...”

“बघ! ‘येतो’ म्हणाले,” वकील म्हणाला. “बाबा बरोबर सांगतायत.”

“परत लाव.”

परत लावला. “...नीट जा रे पोरांना घेऊन. येतो मी.”

“वकील, तू रोज शाळेत जाताना दारातून काय म्हणतोस?”

“आई, येतो!”

“आणि मग येतोस का जातोस?”

“जातो,” वकील म्हणाला.

“जो बरोबर येणार असतो तो ‘चला’ म्हणतो,” ताई भराभर बोलत होती. “‘नीट जा’ म्हणत नाही! आजोबा आपला निरोप घेत होते! ‘जातो’ म्हणायचं नाही म्हणून ‘येतो’ म्हणाले!”

“दुर्बीणही मला देऊन टाकली,” टिकलीचा आवाज चिरकला. “ताई, अजून एकदा लाव ना. शेवटी ते कुठे जातात बघ!”

शेवटच्या क्षणी पडद्याच्या कडेला कानटोपी दिसत होती. ती पाटीवर लोंबणाऱ्या जाकिटाच्या शेजारून, पायऱ्यांच्या बाजूला उतरत होती. एक पायरी, थांबणं, मग दुसरी पायरी.

खालून! किनाऱ्यावरून! आणि दोन धिप्पाड माणसं आणि मामा आजोबांना वर, गवतात शोधत होते!

“मामी! आजोबा खालच्या वाटेने गेलेत!”

“काहीतरीच काय बोलतेस! हे सांगून गेलेत ना, अण्णा वरून येतायत म्हणून. ह्यांना येऊ दे, मग ह्यांना सांग,” मामी म्हणाली. “आणि आता कुणी जागचं हलू नका रे बाबांनो, माझ्याच्याने आणखी काही सहन व्हायचं नाही.”

तिला समजवायला वेळ नव्हता. ताईने टिकलीकडे बघितलं. टिकलीने ताईकडे बघितलं आणि पोट धरलं.

“मामी, हिला बाथरूमला घेऊन जाते.”

“मलाही लागलीय,” वकील म्हणाला.

“आत्ताच?”

“आई, ही काय ठरवून येणारी गोष्ट आहे का?”

*

नारिंगी जाकीटवाली बाई वॉकीटॉकीवर बोलत होती. तिघं आत घुसली तशी तिने फोन पुढे केला. ताईला एवढा दम लागला होता की तिच्या तोंडून दोनच शब्द निघाले.

“आजोबा गेले!”

फोन बोलला. बाईचा चेहरा एकदम उतरला. ती उभी राहिली, डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. फोनने मराठीत सांगितलं, “तुमच्या दुःखात मी सहभागी आहे.”

“नाही! नाही!!” टिकली किंचाळली. “गेले म्हणजे तसे नाही गेले!”

“थांब, मी सांगतो,” वकिलाने फोन ओढला. “हे बघा बाई, आजोबा येतो म्हणाले. पण आमच्यात जाणारा माणूस येतो म्हणतो. म्हणजे येतो म्हणाले ते जातो म्हणाले. म्हणून येत नाहीयेत. कळलं?”

फोनने जरा विचार केला आणि काहीतरी बोलला. बाईने बराच वेळ वकिलाकडे बघितलं. मग तिने विचारलं, आणि फोन म्हणाला, “तो येत आहे की जात आहे की मृत आहे?”

वकील रडकुंडीला आला. आजवर घरातल्या प्रत्येकाला शब्दांत गुंडाळणाऱ्या मुलाला आज दोन साध्या शब्दांनी गुंडाळलं होतं. “ताई, तू बोल ना!” ताईने फोन तोंडाशी धरला आणि परत खाली ठेवला. मराठीत एवढे शब्द, आणि आजोबांना घेऊन येईल असा एकही सापडेना! खिडकीबाहेर धक्क्याची आणखी एक पायरी बुडाली होती.

टिकली बोललीच नाही. तिने खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि भिंतीवरच्या नकाशावर दोन बोटं उभी केली. दोन बोटांचा छोटा माणूस! तो कड्यावरून चालायला लागला. फाट्याशी आला. थांबला. एका पायाने जरा लंगडला. मग खालच्या वाटेला लागला. एक पायरी, थांबणं. दुसरी पायरी, थांबणं. पायऱ्या संपल्या आणि तो किनाऱ्यावर आला. पुढे खडकाचं एक नाक समुद्रात शिरलं होतं. तिथे येऊन टिकलीची बोटं उभी राहिली. पुढे काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं.

बाईला ठाऊक होतं.

तिने टिकलीची बोटं आपल्या मुठीत धरली, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि नकाशावरच्या त्या जागेवर बोट आपटलं. इथे? नक्की?

तिघांनी माना हलवल्या.

बाई काहीतरी बोलली. फोनने अगदी स्वच्छ मराठीत सांगितलं, “तिथे भरतीचे पाणी भरते. बाहेर पडायला वाट राहत नाही. पाटीवर लिहिले आहे.”

पाटीवर लिहिलं होतं. पाटीवर मामाचं जाकीट होतं.

बाई वॉकीटॉकीवर ओरडली, खुंटीवरचं जाकीट ओढलं आणि धावत सुटली. धक्क्यावरून बोटीचं इंजिन घरघरलं.

“आम्हाला पण घ्या!” तिघं मागे पळाली. पण बाईने नुसता हात आडवा केला. त्या हाताचा अर्थ सांगायला फोन लागला नाही. बोट उडी मारल्यासारखी निघाली, खडकामागे वळली आणि दिसेनाशी झाली.

“बाथरूमला गेला होतात ना?” मागून मामी धावत आली. तिघांचे चेहरे बघून तिने टिकलीला जवळ ओढलं.

*

पुढचा वेळ कुणालाच पुढे कधी नीट सांगता आला नाही. सांगण्यासारखं त्यात काही घडलंच नाही.

समुद्रावरून धुकं आलं. आधी दूरचे खडक पुसले गेले, मग जवळचे. टिकलीने दुर्बीण डोळ्यांना लावली. दुर्बिणीतून तेच धुकं जरा मोठं दिसलं. तिने ती वकिलाला दिली, वकिलाने ताईला, ताईने मामीला, आणि मामीने परत टिकलीला. जणू कुणाच्या तरी डोळ्यांना ती ऐकेल!

“कड्याच्या बाजूने ओरडलं तर आजोबांना ऐकू जाईल?” टिकलीने विचारलं.

“नाही जाणार,” वकील म्हणाला.

तरी तिघं ओरडली. “आजोबाऽऽ!” आवाज धुक्यात गेला आणि तिकडेच राहिला. पुन्हा ओरडली. मामीही ओरडली. सासऱ्यांना आयुष्यात कधी मोठ्याने हाकसुद्धा न मारलेली मामी छातीवर हात दाबून “अण्णाऽऽ!” अशी ओरडत होती, आणि ओरडताना रडत होती.

पाणी मात्र सावकाश काम करत होतं. धक्क्याची एकेक पायरी घेत होतं. वकील त्याच्याकडे एकटक बघत होता. त्याच्याशी वाद घालता येत नव्हता, त्याला विनवता येत नव्हतं, त्याला पोट धरून फसवता येत नव्हतं.

“आपण आधी व्हिडिओ बघायला हवा होता,” तो म्हणाला.

“आपण आधी आजोबांकडे बघायला हवं होतं,” ताई म्हणाली.

मग घरघर ऐकू आली.

बोट धुक्यातून आधी आवाजाने आली, मग रंगाने. नारिंगी जाकीट दिसलं. त्या जाकिटाशेजारी, बोटीच्या तळाशी, चंदेरी पांघरुणात गुंडाळलेलं काहीतरी लांबट पडलं होतं. ते हलत नव्हतं.

‘आजोबा गेले’ हे दोन शब्द चौघांच्याही मनात होते, आणि चौघांनीही ओठ घट्ट मिटले होते, जणू न उच्चारल्याने ते खोटे होणार होते. बोट धक्क्याला लागली. बाईने दोर फेकला.

पांघरुणातून एक हात बाहेर आला. निळसर, सुरकुतलेला, थरथरणारा. त्याने चाचपडत बोटीची कड धरली.

“आजोबा!!”

“ह... हळू,” पांघरूण म्हणालं. “बोट बु... बुडवाल.”

*

बचावपथकाच्या खोलीत शेगडी लाल झाली होती. डॉक्टरबाई येऊन तपासून गेल्या होत्या. वाऱ्यापासून गुडघा वाचवायला आजोबा खालून, किनाऱ्याने बंदराकडे निघाले होते, आणि बोट पोहोचली तेव्हा खडकाच्या एका कंगोऱ्याला धरून उभे होते. कमरेपर्यंत पाणी, आणि वर चढायला गुडघा तयार नाही. दोन्ही हात सोलवटले होते, घोटा सुजला होता आणि अंगातली सगळी ऊब समुद्राने नेली होती. पण माणूस शाबूत होता. हातातला कप तोंडापर्यंत नेता येत नव्हता, म्हणून ताईने तो धरला होता.

“तुम्ही ओरडलात, आजोबा?” वकिलाने विचारलं.

“ओरडलो की. बराच वेळ. मग म्हटलं, दम जपून ठेवावा.”

“आम्हीपण ओरडलो. तुम्हाला ऐकू आलं?”

“नाही रे.” आजोबांनी घोट घेतला. “कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं.”

दार उघडलं. मामा! गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यात गवत. दारातच तो थांबला. शेगडीपाशी बसलेल्या वडिलांकडे बघत राहिला. मग पुढे आला आणि जमिनीवरच बसला.

“अण्णा... वारा होता हो. मला ऐकूच आलं नाही.”

“ऐकू आलं. तू ‘हो हो’ म्हणालास.”

मामाच्या हनुवटीचं काय चाललंय ते पोरांनी बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं. मोठ्या माणसाचा चेहरा असा झाला, की कुठे बघायचं हे मुलांना कुणी शिकवलेलं नसतं.

“आणि ती पाटी,” मामा म्हणाला. “पाटी तिथे होती, अण्णा. मीच...”

“असू दे. माझ्या पायांना काही जाणवत नाहीये. चोळ जरा.”

मामाने उजवा पाय मांडीवर घेतला. डावा टिकलीने घेतला. ताई आणि वकील दोन्हीकडून लागले. नारिंगी जाकीटवाली बाई उठून आली. तिने तीन मुलांशी हात मिळवला, एकेकाशी वेगवेगळा, बरोबरीच्या माणसाशी मिळवतात तसा. मामाचाही हात सवयीने पुढे झाला होता, तो त्याने गुपचूप परत पायाला लावला. बाई काहीतरी बोलली. तिचा फोन टेबलावर राहिला होता, पण अर्थ विचारायला कुणी उठलं नाही. तिने टिकलीसमोर दोन बोटं उभी करून ती चालवून दाखवली आणि कपाळाला हात लावून सलाम ठोकला.

“ही पोरं बाथरूमच्या नावाखाली पळाली,” मामी आजोबांना सांगत होती. रागावून सांगत होती की कौतुकाने, ते तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं. “मी हलू नका म्हटलं होतं! ऐकलं नाही माझं, अण्णा! ऐकलं असतं तर...”

मामा खालमानेने पाय चोळत होता. “पोरांनो,” तो म्हणाला, “तुम्ही होतात म्हणून...”

थांबला.

“म्हण की पुढे,” आजोबा म्हणाले. “शाबासकी अर्धी देऊ नये.”

“तुम्ही होतात म्हणून माझे वडील इथे बसलेत,” मामा म्हणाला. “शाबास. तिघांनाही शाबास!”

वकिलाला यावर काहीतरी म्हणायचं होतं. ते सोडून त्याने आजोबांचा घोटा सांभाळून धरला.

टिकलीचं कुणाकडे लक्षच नव्हतं. डाव्या पायाची बोटं अजून मेणासारखी पांढरी आणि गार होती. ती चोळत होती, फुंकर घालत होती, पुन्हा चोळत होती.

“आजोबा, जाणवतंय?”

“नाही गं.”

“आता?”

“नाही.”

टिकलीने ओठ दाताखाली धरला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. “आता?”

आजोबांनी डोळे बारीक करून पायाकडे बघितलं. मग त्यांचा अंगठा जरासा वाकला.

“आता गुदगुल्या होतायत. पुरे!”

टिकली थांबली नाही.